कापसाचं घर आणि थंडीचे चार महिने

दिवाळीच्या मागेपुढे सीतादही होते, वेचणीला हात लागतो आणि त्याच सुमारास रात्री गार पडायला लागतात. तिथून होळीपर्यंतचे चार महिने यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी नवरा-बायकोला फार ओढाताणीचे जातात. दिवसा कापूस, रात्री हरभऱ्याचं आणि गव्हाचं ओलीत, घरात सर्दी-खोकल्याचं लेकरू, कोपऱ्यात खोकणारे म्हातारे सासू-सासरे, आणि वर्षभराचा पैसा येण्याचे दिवसही हेच. बाभुळगाव असो की झरी जामणी, दारव्हा असो की उमरखेड, सोळाही तालुक्यांत चित्र फारसं वेगळं नाही.

या चार महिन्यांत भांडणं का वाढतात, हे नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं. कोणतं काम कोणाचं हे ठरलेलं नसतं, आणि पैसा आला की तो कुठे गेला हे एकालाच माहीत असतं. दोन्ही गोष्टी बोलून सुटण्यासारख्या आहेत. म्हणून वेचणी सुरू होण्याआधी एका संध्याकाळी दोघांनी बसावं, घरात मोठी मुलं असतील तर त्यांनाही बसवावं, आणि पुढचं ठरवावं. त्या बैठकीत काय काय यावं, ते या लेखात सांगतो.

दंव वाळेपर्यंतचा तास

वेचणीच्या दिवसांत घरची बाई पहाटे पाचला उठते. पाणी भरणं, अंगण, चूल, डबे, लेकरांची शाळा आणि मग आठच्या आत शेताकडे धाव. ही धाव थोडी थांबवता येते, आणि कापसाच्या भल्यासाठीच थांबवली पाहिजे.

थंडीत पऱ्हाटीवर सकाळी दंव असतं. ओल्या बोंडातला कापूस वेचून गाठोड्यात बांधला की तो आतून गरम होतो, पिवळा पडतो, आणि बाजारात ओलावा मोजला की भाव कापला जातो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. त्यामुळे स्वतःच्या शेतात दंव वाळल्याशिवाय, म्हणजे साधारण नऊच्या आधी, वेचणीला हात लावू नये. असं केलं की सकाळचा एक तास घराला मिळतो. हा तास एकट्या बाईचा समजू नका. नवऱ्यानं बाहेरच्या चुलीवर पऱ्हाटी लावून आंघोळीचं पाणी तापवावं, गुराढोरांचं पाहावं, लेकरांना तयार करून शाळेत पोहोचवावं. बायकोनं त्या वेळात स्वयंपाक उरकून बसून दोन घास खावेत. उभ्या उभ्या चहा-खारी घेऊन शेतात गेलेली बाई दुपारी चक्कर येऊन बसते, हे आपण दरवर्षी बघतो.

वेचताना नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर घालायची आपल्याकडची पद्धत उत्तम आहे. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना आणि मनगटाला ओरबाडतात, आणि थंडीत ती चिरलेली कातडी लवकर भरत नाही. रात्री झोपताना कोमट पाण्यानं हात-पाय धुवून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावं. टाचांच्या भेगांनाही तेच. कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, सुती फडक्यात किंवा जुन्या लुगड्याच्या झोळीत घ्या. प्लास्टिकचे धागे आणि केस कापसात गेले की त्याची प्रत उतरते. किडका, डागी कवडी कापूस पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवला तर शेवटी निवडत बसावं लागत नाही.

फरदडीचा मोह सोडा

डिसेंबर संपता संपता एक प्रश्न प्रत्येक ओलिताच्या घरात येतो: पऱ्हाटी उपटायची की पाणी देऊन फरदड घ्यायची? अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगतात की फरदड घेऊ नका, कारण गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत त्यातून खाणं मिळत राहतं. हे खरंच आहे. मला त्यात घराच्या बाजूनं आणखी एक कारण दिसतं. फरदडीच्या दोन-चार क्विंटलसाठी नवरा रात्रीच्या ओलितात आणि बायको वेचणीत मार्चपर्यंत अडकतात. त्या कापसाची प्रत हलकी, भाव कमी आणि मजुरी तेवढीच. दोघांच्या झोपेचा आणि अंगाचा हिशेब त्यात धरला तर फरदड परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपटलेल्या पऱ्हाट्या बहुतेक घरी जळणासाठी घराशेजारी रचल्या जातात. रचण्याआधी त्यावरची वाळकी, न फुटलेली बोंडं तोडून जाळून टाका. अळी त्याच बोंडांत दडून बसते. गावात कुट्टी करणारं यंत्र येत असेल तर जळणापुरत्या ठेवून बाकीच्या पऱ्हाट्यांचं खत करा. आणि हा ढीग घराच्या भिंतीला टेकून नको. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो.

घरातला कापूस

भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायची वेळ आता नेहमीची झाली आहे. दोन खोल्यांच्या घरात एक खोली कापसानं छतापर्यंत भरते आणि सगळं कुटुंब उरलेल्या खोलीत येतं. लेकरांना त्या ढिगावर उड्या मारायला फार आवडतं, थंडीत ऊब लागते म्हणून कोणी त्यावरच झोपतं. मग महिना-दीड महिन्यानं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. मानेवर, पोटावर, मांड्यांवर लाल पुरळ उठतात आणि रात्री खाजवून खाजवून झोप लागत नाही. कापसातली धूळ आणि त्यात वाढणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे यांच्यामुळे हे होतं.

यावर उपाय साधे आहेत. कापूस भरण्याआधी उन्हात चांगला वाळवा. जिथं कापूस, तिथं झोपणं नाही, हा नियम लेकरांसकट सगळ्यांना लावा. कापसात हात घालून आलेल्यानं कपडे बदलून अंग धुवावं. वाकळी, गोधड्या आठवड्याला कडक उन्हात टाकाव्यात. खाज थांबत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मेडिकलमधून कुठलंही मलम आणून लेकरांच्या अंगाला चोपडू नका. आणि काही घरांत करतात तसं कापसावर कीटकनाशक मारणं किंवा पावडर भुरभुरणं तर मुळीच नको. बंद खोलीत ते तुमच्याच नाकातोंडात जाणार आहे.

आगीचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. कापसाच्या खोलीत दिवा, अगरबत्ती, बिडी, मोबाइलचा चार्जर यातलं काहीही नको. उघड्या वायरी असतील तर कापूस भरायच्या आधी वायरमन बोलावून नीट करून घ्या. चूल आणि कापूस यांच्यात भिंत असावी, पडदा नव्हे.

औषधाचा विषय निघालाच आहे तर थांबून बोलायला हवं. २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकड्यांनी दवाखान्यात पडले. ते पावसाळ्याअखेर झालं. पण थंडीतही तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर आणि हरभऱ्याच्या घाटेअळीवर फवारणी चालूच असते. नवरा फवारून आला की त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळे धुवावेत, आणि ते त्यानं स्वतः धुवावेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं त्यांना हात लावू नये. उरलेलं औषध घरात, माळ्यावर किंवा खाटेखाली ठेवू नका. शेतातल्या कोठ्यात लोखंडी पेटी करून तिला कुलूप घाला आणि किल्ली घरातल्या सगळ्यात शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. रागाच्या किंवा निराशेच्या घडीला विष हाताशी नसणं, एवढ्यानंच आजवर कितीतरी जीव वाचले आहेत.

रात्रीचं ओलीत

शेतीपंपाची थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी फिरत असते. जिथं सौर पंप किंवा सौर वाहिनी आली तिथं हा त्रास संपला. ज्यांच्याकडे सोय झालेली नाही त्यांनी सौर कृषी पंपाचा अर्ज अजून भरला नसेल तर भरावा. बाकीच्यांना या थंडीतही रात्री जावंच लागणार आहे.

पाणी मोजकं द्या, म्हणजे रात्री मोजक्या होतील. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीला एक आणि घाटे भरताना एक अशी दोन पाणी भारी जमिनीत पुरतात; जास्त दिलं तर पीक उभळतं, मर लागते. गव्हाचं पहिलं पाणी मात्र पेरणीपासून अठरा ते एकवीस दिवसांत चुकवू नये. ओलिताच्या तारखा दोघांनी मिळून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तुषार संच असेल तर तो संध्याकाळी उजेडातच मांडून ठेवा, म्हणजे अंधारात ओल्या पाइपांशी झटापट होत नाही.

एकट्यानं जाऊ नका. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून दोघांच्या पाळ्या एकाच रात्री लावून घ्या. गमबूट, काठी, चांगली बॅटरी, चार्ज केलेला फोन आणि कोरडे कपडे बरोबर असावेत. पाय ओले करून तीन-चार तास थंडीत उभं राहणाऱ्या माणसाला पहाटे हुडहुडी भरते. कोठ्यावर कोरडा पायजमा, मोजे आणि थर्मासमध्ये चहा असला तर फार फरक पडतो. कोणत्या वावरात जातोय आणि किती वाजता परतणार, हे बायकोला सांगून निघावं. ठरलेल्या वेळेच्या तासाभरात फोन लागला नाही तर तिनं कोणाला उठवायचं, तेही आधीच ठरलेलं असावं.

ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि कटआउट काढून खिशात ठेवा. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते आणि दुरुस्तीला बसलेला माणूस जागीच जातो. डीपीवर चढून फ्यूज घालणं हे वायरमनचं काम आहे, ओल्या पायांनी तुमचं तर नक्कीच नाही. रानडुकरं आणि रोह्यांच्या त्रासापायी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणारे अजून आहेत. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावरापेक्षा आधी शेजारचा माणूस किंवा आपलंच लेकरू सापडतं. झटका मशीन घ्या. तिचा झटका जोरात बसतो, जीव घेत नाही.

थंडीत साप निघत नाही हा समज घोणशीच्या बाबतीत खोटा आहे. तिचा जोडीचा काळ थंडीतच असतो आणि संध्याकाळी ती बांधाबांधानं फिरते. दंश झाला तर चिरा मारू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. हात किंवा पाय न हलवता फळीला सैल बांधा, १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दिवस-रात्र सोय आहे. घोणशीच्या विषानं लघवीतून, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. तोवर वाट बघत घरी थांबलात तर मूत्रपिंडं जातात.

टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, म्हणजे पांढरकवडा, राळेगाव, झरी, मारेगावच्या पट्ट्यात, वाघाचाही विचार करावा लागतो. माणसांवर हल्ले करणाऱ्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ ला मारलं, त्याआधीच्या दोन वर्षांत त्या भागातल्या गावांनी जागलीला जाणंच बंद केलं होतं. वाघ दिसला, माग दिसला तर त्या रात्रीचं ओलीत सोडून द्या आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. एका पाण्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

लेकराचा श्वास मोजा

थंडीतल्या आजारपणात सगळ्यात घातक न्यूमोनिया, आणि तो ओळखणं आई-बापाच्या हातात आहे. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना त्याच्या अंगावरचा कपडा वर करा, एकानं मोबाइलमधलं घड्याळ धरा आणि दुसऱ्यानं पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा निपचित पडलं असेल तर रात्र असली तरी थांबू नका. पोटावर बिब्बा घालणं, चटके देणं यानं न्यूमोनिया उतरत नाही, बाळाच्या दुखण्यात भाजल्याची भर पडते.

शाळा जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायाही हे मोजू शकतात आणि बाळं वाचवू शकतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दाखवून दिलं. १९९९ मध्ये त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर सुरू झाल्या. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्या दिवशी आई वेचणीला गेली असं होऊ देऊ नका.

थंडीत जन्मलेल्या बाळाला टोपी, मोजे आणि दोन पदरी कपडे हवेत. कमी वजनाचं बाळ असेल तर नाळ पडेपर्यंत आंघोळ नको, नुसतं पुसून घ्या, आणि त्याला उघड्या छातीशी धरून वरून वाकळ घ्या. या कांगारू पद्धतीला बापाची छातीही चालते. बाळंतीण दोन तास झोपली तर तिचं दूध वाढतं, तेवढा वेळ बापानं बाळ छातीशी धरावं. आपल्याकडे पुरुषांना याचा संकोच वाटतो. सासूबाईंनीच एकदा मुलाला सांगितलं, ‘धर बाबा, पडत नाही ते’, की तो संकोच जातो.

शेगडी, धूर आणि म्हातारी माणसं

कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, ठसका लागत नाही, नुसती झोप गाढ होत जाते. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर, एवढा एकच नियम पाळा. शेकोटी अंगणात करा, आणि शेकताना आजीचा पदर, आजोबांच्या धोतराचा सोगा मागे खोवलेला आहे ना, हे पाहा. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांचं प्रेशर थंडीत वाढतं. म्हाताऱ्या माणसांनी पहाटे चारला उठून थंड पाण्यानं आंघोळ करून देवळात जायचा नेम फेब्रुवारीपर्यंत ऊन पडल्यावर पाळावा. देव रागावत नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवाव्यात. पहाटे एका बाजूचा हात उचलत नसेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर ती थंडी नव्हे, लकवा आहे. तेल चोळत न बसता लगेच गाडी करा, कारण पहिले साडेचार तासच उपचाराचे असतात.

ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्यांनी थंडीत जास्त जपावं. गारठा आणि कमी पाणी पिणं या दोन्हींनी लाल पेशी अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. थंडीत तहान लागत नाही, म्हणून कोमट पाणी ठरवून पाजावं. अशा माणसाला ओलिताला, गार पाण्यात पाठवू नये. डॉक्टरांनी सुरू केलेलं हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड खंड न पाडता द्यावं. विदर्भात हा आजार कोलाम, गोंड, परधान वस्त्यांतही आहे आणि इतर समाजांतही आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्यात तपासणी फुकट होते. नवरा आणि बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक एवढी शक्यता बाळाला आजार होण्याची असते. नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं या थंडीतच तपासणी करून घ्यावी; लग्न जुळवायच्या आधी केली तर आणखी बरं.

ताटात काय असावं

थंडीत आपल्या जिल्ह्यात शेतातून जे येतं, तेच सगळ्यात पौष्टिक असतं. तुरीचे ओले सोले आणि वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, मेथी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. यातलं बहुतेक विकत आणावं लागत नाही. पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. घरच्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाण्याची रीत वेचणीच्या दिवसांत तरी मोडा. रात्री सगळ्यांनी एकदम बसावं.

ज्यांना गाव सोडून जावं लागतं

पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रसच्या तांड्यांवरून कितीतरी जोडपी थंडीच्या तोंडावर ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचलही दोघांच्या अंगमेहनतीवर मिळते. निघण्याआधी लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतून मागणी करा. रेशन कार्डावर बाहेरच्या जिल्ह्यात, बाहेरच्या राज्यातही धान्य मिळतं, म्हणून आधार जोडून घ्या. गरोदर बाईचं कार्ड आणि लेकरांचं लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. उचलीची रक्कम, परतफेड आणि दर मुकादमाकडून लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

चुकारा आला की

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७७१० रुपये ठरला. बाजारातला भाव हमीभावाखाली असेल तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून सीसीआयला द्या. व्यापाऱ्याला रोख मिळते म्हणून शंभर-दोनशे रुपयांनी कमी विकायची घाई पुष्कळ वेळा एका उसनवारीमुळे होते. ती उसनवारी किती आणि कोणाची, हे दोघांनाही माहीत असलं तर मार्ग निघतो. सगळा कापूस एकदम विकू नका आणि सगळा धरूनही ठेवू नका. कर्ज, बियाणं आणि घरखर्च भागेल एवढा आधी विका. धरायचाच असेल तर उरलेला धरा.

चुकारा खात्यावर जमा झाला की त्याच आठवड्यात दोघांनी वही घेऊन बसावं. पहिलं पीककर्ज, कारण मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते आणि पुढचं कर्ज अडत नाही. मग शाळा-कॉलेजच्या फिया, दवाखान्यासाठी हात न लावायची रक्कम, पुढच्या हंगामाचं बियाणं. लग्नकार्य आणि मोटारसायकल त्यानंतर. बायकोनं वेचलेल्या किलोंची मजुरी बाहेरच्या बाईला द्यावी लागली असती तर किती झाली असती, ती रक्कम एकदा वहीत लिहाच. ती तिच्या खात्यावर टाकायला घरातल्या कोणाची हरकत राहणार नाही.

हिशेबानंतर नवरा गप्प गप्प राहत असेल, जेवण कमी झालं असेल, रात्र रात्र जागत असेल, ‘मी नसलो तरी चालेल’ असं काही बोलत असेल, तर ते थकव्यावर घालवू नका. समोर बसवून विचारा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येतं. बायकोच्या बाबतीतही हेच. तिचं गप्प होणं घरात सगळ्यांत उशिरा लक्षात येतं.

संक्रांतीचं हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. वाणाला प्लास्टिकची डबी वाटण्यापेक्षा भाजीच्या बियांची पुडी, जवस, तीळ द्या. आणि गावातल्या एकल बायांना बोलवा. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी आत्महत्येनं एकट्या पडलेल्या बाईनं केलं. व्यासपीठावर तिला मान देणाऱ्या जिल्ह्यानं घरच्या ओट्यावर तिच्यासारख्यांना दूर ठेवू नये. मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करायचा ठराव केला आणि शासनानंही इतर गावांना तो मार्ग घ्यायला सांगितला. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव झाला नसेल तर २६ जानेवारीची सभा जवळच आहे.

या एकल बायांना बोलतं केलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. नवरा असताना सातबारावर नाव नव्हतं, म्हणून तो गेल्यावर वारसनोंदीपासून कर्जापर्यंत प्रत्येक कागदासाठी हेलपाटे घालावे लागले. हमीभावाची नोंदणी, पीककर्ज, पीकविमा, नुकसानीची मदत, सगळं सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच मिळतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली ती याचसाठी, आणि १९९२ मध्ये शासनानं तसं परिपत्रकही काढलं. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागतं. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा असतो. वेचणीच्या धावपळीतून एक सकाळ काढा, दोघांनी मिळून तलाठी कार्यालयात जा आणि संक्रांतीच्या आत तो अर्ज देऊन पोच घ्या.